धाव

(पडदा काळा. आधी फक्त आवाज.)

एका ऐरणीवर दोन घण पडताहेत, पाळीपाळीनं. मध्येच बारीक टिकटिक ऐकू येतेय ती लोहारकाकांच्या हातोडीची. ती जिथे टिचकी मारेल तिथेच पुढचा घाव घालायचा. घण मारणाऱ्यांना तोंडानं कुणी काही सांगत नाही.

(तापलेली पट्टी, जवळून.)

लोखंडाची ही पट्टी दोन इंच रुंद आणि अर्धा इंच जाड आहे. सकाळी ती सरळ होती, आता वाकून तिचं कडं होतंय. बैलगाडीच्या लाकडी चाकावर ते चढणार. या कड्याला म्हणतात धाव.

सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘बल व बलाचे प्रकार’ असा धडा आहे. स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, घर्षण बल. मुलांना ही यादी तोंडपाठ असते. बलामुळे वस्तूचा आकार बदलतो, हेही त्यांनी वहीत लिहिलेलं असतं. या लोहारसाळेपासून गावची शाळा हाकेच्या अंतरावर आहे, मुलांचा गलका आमच्या माईकमध्येही आलाय. तरी वर्ग घेऊन इथवर कुणी आलेलं काकांना आठवत नाही.

(सुताराचं अंगण. चाक आडवं.)

चाक बाभळीचं आहे. मधला जाड गोळा म्हणजे तुंबा. त्यातून बारा आरे निघालेत आणि बाहेरून सहा पुठ्ठ्यांनी, म्हणजे लाकडाच्या कमानदार तुकड्यांनी, घेर पुरा केलाय. आता पुठ्ठ्यांच्या सांध्याकडे बघा. प्रत्येक सांध्यात फट दिसतेय. आम्हाला वाटलं, काम कच्चं राहिलंय. सुतारमामा हसले. म्हणाले, “ती ठेवलीय. धाव बसली की बघा, कुठं जाते ती.”

चाक साधारण चार फूट व्यासाचं, म्हणजे घेर पावणेचार मीटरच्या आसपास. लोहारकाकांनी दोरीनं घेर मोजला, दोरी पट्टीवर धरली आणि खडूची खूण केली ती बोटभर अलीकडेच. म्हणजे धाव चाकापेक्षा लहान! थंड असताना ती चाकावर चढणंच शक्य नाही.

लोखंड तापलं की वाढतं. एवढ्या लांबीची पट्टी दर १०० अंश सेल्सिअसला साडेचार मिलिमीटर वाढते. काळसर लाल होईपर्यंत तापवली तर इंचभर. ते बोटभर अंतर भरून निघतं आणि वर थोडी जागाही उरते. काकांनी आयुष्यात तापमापक वापरलेला नाही. ते रंग बघतात आणि धावेवर लाकडाची ढलपी टेकवून बघतात. ढलपी लगेच धुपली की म्हणायचं, “उचला.”

(गोवऱ्यांचं जळतं रिंगण. इथे निवेदन थांबवायचं. अर्धा मिनिट फक्त आगीचा आवाज.)

चौघे जण, चार सांडशी. कड्याचं वजन एकोणीस-वीस किलो, म्हणजे पृथ्वी त्याला जवळपास १९० न्यूटन बलानं खाली ओढतेय. चौघांत ते फार नाही. खरी कसरत आहे ती कडं सपाट ठेवण्याची. एका बाजूनं जरा कललं की अडकलं, आणि अडकलं की लाकूड जळालं. धाव चाकावर टेकते. धूर उठतो, लाकूड पेट घेतं. दोन घाव, तीन घाव. “पाणी!”

(पाणी. वाफ. आवाज पूर्ण मोठा.)

आता सांध्याकडे बघा. फट मिटतेय. कुणी हात लावलेला नाही, घणही बाजूला ठेवलेत. ‘बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे’ असं आपण शिकलो. मग इथे कोण ढकलतंय? थंड होणाऱ्या लोखंडाला आपल्या मूळ मापावर यायचंय आणि लाकूड त्याला येऊ देत नाही. धाव आतल्या दिशेनं दाबते, चाक तेवढ्याच बलानं बाहेर रेटतं. न्यूटननं १६८७ साली छापलेला तिसरा नियम या वाफेत उभा आहे. एवढ्या जाडीची धाव मूळ मापापेक्षा फक्त एक मिलिमीटर ताणलेली राहिली, तरी पट्टीत साडेतीन टन वजन टांगल्याइतका ताण असतो. चाकात खिळा नाही, डिंक नाही. सहा पुठ्ठे आणि बारा आरे या एका मिठीनं धरून ठेवलेत.

ऊस वाहणाऱ्या गाड्यांना रबरी टायर आले, वर्षाला दोन-तीन चाकं येतात, काकांचा मुलगा पुण्याकडे एका कंपनीत लागलाय.

भात्याच्या जागीही आता विजेचा पंखा आहे. शूटिंगसाठी जुना भाता माळ्यावरून काढू का, असं काकांनी विचारलं होतं. आम्ही नको म्हटलं.

(आसाला वंगण. बोटं जवळून.)

चाक आसावर चढवण्याआधी हे काळं वंगण. घर्षण इथे नको असतं, आणि चाकाखाली मात्र हवं असतं. नाहीतर चाक फिरण्याऐवजी घसरेल. आस दोन इंच जाड आणि चाक चार फुटांचं. म्हणून आसाशी जे घर्षण होतं, ते बैलांना चोविसाव्या हिश्श्यानंच ओढावं लागतं. चाक मोठं का करायचं, ते इथे कळतं.

(ओढ्याची चढण. गाडी रुतलीय.)

हे ठरवून केलेलं नाही, गाडी खरंच रुतली. गाडीवान खाली उतरला बघा. तो मागून ढकलत नाही. चाकाच्या अगदी वरच्या आऱ्याला हात घालतो. रुतलेलं चाक जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती उलटायला बघतं, आणि चाकाचा माथा त्या बिंदूपासून आसाच्या दुप्पट लांब आहे. तेवढ्याच जोराचं काम दुप्पट. गाडीवान शाळा चौथीपर्यंत शिकलाय. बैल खुरांनी माती मागे रेटतात, माती त्यांना पुढे रेटते, आणि गाडी हलते.

(शाळा सुटलीय. रस्ता.)

नवी धाव अजून ओली आहे, धुळीत तिचा पट्टा उमटतोय. मागून पोरं धावत येतात. दोघं-तिघं गाडीच्या मागच्या बाजूला लोंबकळतात.

गाडीवान मागे न बघताच ओरडतो, “उतरा रे! चढ आलाय!”