सभामंडपातून सभागृहात

सत्काराला उत्तर देण्यासाठी माईकपाशी येण्याआधी त्यांनी वाकून मंचाच्या फळीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. समोरच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांच्या ते ध्यानात आले असेल, कोण जाणे; गावच्या उत्सवी नाटकात उभे राहिलेल्या माणसाला मात्र ही सवय कोणी लावावी लागत नाही. मराठी नाटक आणि मालिकांत नाव कमावलेल्या आपल्या या माजी विद्यार्थ्याला फोंड्यातील महाविद्यालयाने शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह देऊन गौरवले.

हा नट घडला कसा, हे पाहण्यासाठी सभागृहाबाहेर पडावे लागते. अंत्रुज महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोव्यातील या फोंडा तालुक्यात एवढी देवळे आहेत, कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील भागात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपले देव नदीपार इकडे हलवले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळात आला तो असाच; त्याचे तिथले स्थान म्हणजे मंगेशी. देवांमागून पालख्या आणि जत्रा आल्या आणि कालांतराने त्यांना जोडून मराठी नाटकेही होऊ लागली. १९१८ साली बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी उभारणारे मास्टर दीनानाथ मंगेशकर याच मंगेशीचे.

आपल्या अभिनेत्याच्या गावच्या देवळात आजही उत्सवी नाटकाची तालीम होते. दिवसभर दुकान, शाळा किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सांभाळणारी माणसे रात्री जेवणे आटोपून सभामंडपात जमतात, आणि नक्कल, म्हणजे आपले संवाद, पाठ नसतील तर दिग्दर्शक, जे येथे गावचेच निवृत्त शिक्षक आहेत, कोणाचीही गय करत नाहीत. उत्सवात पालखी देवळात परतल्यावरच पडदा वर जातो. मंडपाच्या टोकाला चटईवर बसलेल्या आजीपर्यंत शब्द पोचला पाहिजे, हा इथला पहिला धडा. ध्वनिवर्धक आले तरी तो सुटलेला नाही.

गोवा मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली, पुढे इतरत्रही निघाली, आणि हा धडा गिरवलेली मुले त्यांच्या स्नेहसंमेलनांत चमकू लागली. महाविद्यालयाच्या कपाटातल्या एका छायाचित्रात ढाल धरून उभा असलेला मुलगा म्हणजेच आजचे सत्कारमूर्ती. चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटली आहे, तरी चेहऱ्यावरचा राजेपणा ढळलेला नाही. वर्गातल्या हजेरीबद्दल त्यांच्या प्राध्यापकांनी भाषणात मौन पाळले. तालमीची हजेरी मात्र चोख होती, असे ते आवर्जून म्हणाले, आणि महाविद्यालयाने त्यांना दिलेली सर्वांत मोठी सवलत कदाचित हीच असावी.

समारोपात प्राचार्यांनी नाटकासाठी स्वतंत्र तालीमघर बांधण्याची घोषणा केली. ते होईपर्यंत एकांकिकांच्या तालमी, आजवर झाल्या तशाच, तास संपल्यावर वर्गातली बाके भिंतीला लावून होतील.