टीव्ही बंद केला तर देश बुडत नाही

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळा विषय घेतलाय. मी समुपदेशनाचं काम करते, आणि गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये एक नवीनच प्रकार दिसायला लागलाय. माणूस येतो, झोप लागत नाही म्हणतो, छातीत धडधड होते, घरात कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही, बीपी शुगर थायरॉईड सगळं तपासून झालेलं असतं, घरात भांडण नाही, डोक्यावर कर्ज नाही, आणि मग अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच म्हणतो, मॅडम खरं सांगू का, हे राजकारण बघून डोकं फिरायची वेळ आलीय. आणि हे सांगताना ओशाळतो. म्हणजे बायको आजारी असती, मुलगा नापास झाला असता तर ठीक होतं, पण बातम्या बघून रडू येतं हे कुठल्या तोंडाने सांगायचं!

तर पहिलं हे सांगते की यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्याला देशाचं काही पडलेलंच नाही त्याला असा त्रास होत नाही. आणि हा त्रास कुठल्या एका पक्षाच्या लोकांनाच होतो असंही नाही. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, आपल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला, तेव्हा एका बाजूची माणसं तोंड पाडून बसली होती. त्यानंतर सहा महिनेसुद्धा झाले नाहीत, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला, २८८ पैकी २३० च्या वर जागा महायुतीला, आणि आता दुसऱ्या बाजूची माणसं तशीच बसली. राज्य तेच, मतदारही बरेचसे तेच. जून महिन्यात "आता सगळं संपलं" म्हणणारे आणि नोव्हेंबरात "आता सगळं संपलं" म्हणणारे, दोघांची भाषा शब्दाला शब्द जुळत होती, फक्त माणसं वेगळी. खचलेलं मन भविष्य फार ठामपणे सांगतं, आणि त्याचं भविष्य बऱ्याचदा चुकतं. अर्थात तुमची बाजू हरलेली असेल तर ह्या सांगण्याचा त्या दिवशी काही उपयोग नाही हे मलाही कळतं, पण आठ-दहा दिवसांनी आठवून बघा.

आता मला खरं जे बोलायचंय ते. अशा लोकांना मी म्हटलं की रात्री बातम्या बघू नका, तर ते लगेच म्हणतात, असं कसं, आपलंही काही कर्तव्य आहे ना. इथेच सगळी गोची आहे. बातम्या बघणं हे आपण देशासाठी करत असलेलं काम आहे असं आपल्याला कधीतरी वाटायला लागलंय. टीव्ही बंद केला की अपराध्यासारखं वाटतं, जणू आपण पाठ फिरवली. पण तुम्ही सोफ्यावर बसून रात्री अकरापर्यंत बघत बसलात म्हणून मुंबईत किंवा दिल्लीत काही इकडचं तिकडे होत नाही, फक्त तुमची झोप जाते. जबाबदारी आपली वाटते आणि हातात तर रिमोटशिवाय काही नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणूस आतून पोखरला जातो. दहा तासांचं कष्टाचं काम माणसाला इतकं थकवत नाही.

जून २०२२ आठवा. २० तारखेला विधान परिषदेचं मतदान झालं, रात्रीत शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतला गेले, २२ ला सकाळी गुवाहाटीला, २९ ला रात्री मुख्यमंत्र्यांचा राजीनामा, ३० ला नवा शपथविधी. त्या दहा दिवसांत आपण काय बघितलं? हॉटेलचं गेट, विमानतळावरून निघालेली बस, परत हॉटेलचं गेट. मधे एका आमदाराचं फोनवरचं ते "काय झाडी काय डोंगार" आलं, तेवढीच जरा करमणूक. घराघरात लोक जेवणाचं ताट मांडीवर घेऊन ते गेट बघत होते! आणि त्यातलं खरं घडलं ते कधी? सुप्रीम कोर्टाचा निकाल आला ११ मे २०२३ ला, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांनी. विधानसभा अध्यक्षांचा अपात्रतेचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला. मधे फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण कुणाला ते सांगितलं. दीड वर्षात ज्या दिवशी खरोखर काही ठरलं ते दिवस मोजायला दोन हातांची बोटं पुरतील. तेवढ्याच दिवशी ज्याने संध्याकाळच्या बातम्या ऐकल्या त्याला रोज पाच तास बघणाऱ्याइतकंच कळलं, आणि वर तो रोज झोपलाही. कोर्ट महिन्यांच्या हिशोबाने चालतं, आयोग चालतो, विधिमंडळाची अधिवेशनं चालतात, आणि टीव्हीच्या पडद्यावर खालची ती लाल पट्टी मिनिटाला पळते. कारण तिला पळावंच लागतं, चोवीस तास भरायचेत. २००७ च्या सुमाराला मराठीत चोवीस तासांची चॅनेल आली, २०१६ ला जिओ येऊन डेटा स्वस्त झाला आणि तीच पट्टी खिशात आली. घडणाऱ्या गोष्टी काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

आणि नुसतं जास्त असतं तरी चाललं असतं, ते खोटंही असतं. ८ मे २०२५ ची रात्र. पहलगामला २६ माणसं मारली गेली होती, त्यात आपल्या डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे लोक होते, ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर झालेलं, मन आधीच हललेलं. त्या रात्री काही चॅनेलनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं इथपर्यंत सांगून टाकलं, मागे सायरन वाजत होते, स्टुडिओतच लावलेले बरं का. शेवटी सरकारला चॅनेलना सांगावं लागलं की तो हवाई हल्ल्याचा सायरन कार्यक्रमात वाजवू नका. आता विचार करा, साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, जिथे पिढ्यानपिढ्या घरटी माणूस फौजेत जातो. अशा गावांतल्या ज्या घरचा मुलगा तेव्हा खरंच सीमेवर होता त्या घरात तो सायरन ऐकून काय झालं असेल? १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली, बंदर जागच्या जागी होतं, पण त्या दोन-तीन रात्री ज्या गेल्या त्या कोण भरून देणार.

ह्यावर अभ्यासही झालाय. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नंतर साडेचार हजारांहून जास्त लोकांना विचारून बघितलं, तर जे लोक त्या आठवड्यात दिवसाला सहा तास किंवा त्याहून जास्त ह्याच बातम्या बघत होते त्यांच्यात मानसिक ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्या लोकांपेक्षाही जास्त आढळला. परत सांगते, जागेवर होते त्यांच्यापेक्षा घरी टीव्हीपुढे होते त्यांना. शरीराला काय कळतं हो, डोळ्यापुढे आग दिसली की ते पळायच्या तयारीला लागतं, आग हजार मैलांवर आहे हे त्याला कोण सांगणार.

मग करायचं काय? बातम्या सोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः पेपर वाचल्याशिवाय चहा घेत नाही. पण वेळ ठरवा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि वाचलेली किंवा ऐकलेली बातमी बघितलेल्या बातमीपेक्षा बरी, कारण तिला शेवट असतो. पेपरला शेवटचं पान असतं, आकाशवाणीच्या बातम्या दहा मिनिटांत संपतात, मोबाईलवर अंगठा फिरवत राहिलात तर शेवट येतच नाही. न्यूज ॲपचे नोटिफिकेशन बंद करा. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. रात्री तीनला जाग आली तर पाणी प्या, बाथरूमला जाऊन या, फोन उचलू नका, त्या वेळी वाचलेली साधी बातमीही दुप्पट भयंकर वाटते. आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट होतात, आठ तास, एक आठवडा किंवा कायमचं, कुणालाही कळत नाही की तुम्ही म्यूट केलंय, त्यामुळे चुलत सासरे रागावतील ही भीती नको.

ग्रुपवरून आठवलं, घरातली भांडणं. कुणामुळे तरी सख्खे भाऊ दिवाळीला एकत्र जेवले नाहीत अशी उदाहरणं आता माझ्याकडे ढीगभर आहेत, आणि ज्या नेत्यांवरून भांडले ते दोघे नेते पुढे एकाच मंत्रिमंडळात! २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी झाल्यापासून इतक्या नेत्यांनी इतक्या वेळा बाजू बदलल्यात की ज्याच्यासाठी काकांशी अबोला धरलात तो आज कुठल्या बाजूला आहे हे आधी तपासून घ्या. थट्टा करत नाहीये. काकांच्या मताशी भांडा हवं तर, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे तेव्हा डबा घेऊन जा.

आता एक अवघड भाग. हे सगळं मी बोलले ते ज्यांच्यासाठी राजकारण हे टीव्हीतलं आहे त्यांच्यासाठी. काहींच्या ते थेट दारात येतं. मराठवाड्यात आरक्षणाच्या वादात गावागावांत एकमेकांच्या दुकानात जाणं बंद झालं, आंदोलनाच्या काळात काही तरुण पोरांनी चिठ्ठी लिहून जीव दिला. तिथल्या पोराला टीव्ही बंद कर म्हणणं हा चावटपणा आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलीला सरकारचा प्रत्येक जीआर म्हणजे तिच्या आयुष्यातलं एक वर्ष असतं. ह्या लोकांचं दुःख मनाचा खेळ नाही, खरं आहे, आणि त्यांना एकटं न पडू देणं हे बाकीच्यांचं काम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हीच मुलं शास्त्री रोडवर येऊन बसली, २५ तारखेची एमपीएससीची परीक्षा बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच येत होती म्हणून, आणि आयोगाने ती परीक्षा पुढे ढकलली. सगळे प्रश्न सुटले का, नाही. पण खोलीत एकटं बसून कुढण्यापेक्षा ते रस्त्यावर चौघांत बसणं मनाला कितीतरी बरं होतं, निकाल काहीही लागला असता तरी.

तुम्हाला रस्त्यावर बसायला सांगत नाहीये. ग्रामसभा असते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्या तारखांना तर बहुतेक गावांत होतेच. किती जण जातात? अमेरिकेची निवडणूक रात्रभर बघणारे आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याचा ठराव कधी झाला ते सांगू शकत नाहीत. शहरात असाल तर मतदार यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं आहेत का ते बघा, नसेल त्याचा फॉर्म ६ भरून द्या, दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, समोरच्या खड्ड्याचा. लहान वाटेल. पण आपण केलं आणि काहीतरी हललं, हा अनुभव ज्या माणसाला महिन्यातून एकदा मिळतो तो रात्री लाल पट्टीला एवढा घाबरत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

आणि काही गोष्टी हलतच नाहीत, त्यांचं काय? त्यासाठी मी बेळगावकडे बघते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, बेळगाव तेव्हाच्या मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून तिथली मराठी माणसं दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. ज्यांनी सुरुवात केली त्यांची नातवंडं आता मोर्च्यात असतात. कुणी म्हणेल केवढी ही निराशा. पण तिथे जाऊन बघा, कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी छोटी छोटी गावं स्वतःची मराठी साहित्य संमेलनं भरवतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन पुढे, मांडव, कवी संमेलन, दुपारी सगळ्यांना जेवण. निकाल लागो न लागो, पुढच्या वर्षी मांडव कुणी घालायचा हे ठरलेलं असतं. त्यांचं म्हणणं पटो न पटो, वाद जुना आहे आणि पलीकडे कन्नड माणसांचीही बाजू आहे, पण न सुटणाऱ्या प्रश्नाबरोबर न खचता कसं राहायचं हे त्या गावांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वेळ होत आलीय. एक शेवटचं, जरा नीट ऐका. कधी कधी बातम्या हे फक्त निमित्त असतं आणि खाली खरं नैराश्य असतं. दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेलेली असेल, आवडायचं ते काहीच आवडत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर टीव्ही बंद करून भागणार नाही, डॉक्टरांकडे जायला लागेल. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर लिहून घ्या, एक चार चार एक सहा. १४४१६. स्वतःसाठी नसेल तर घरातल्या त्या गप्प गप्प झालेल्या माणसासाठी लावा, तेही चालतं. नमस्कार.