अठरा दिवसांच्या अंतराने

पडद्यावर दिसते आहे ती राजारामपुरीतल्या एका घराची माडी. १९९०च्या दशकात याच खोलीत आम्ही चार मित्र, कॅसेटची सैल पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळत, रॉक ऐकत असू. कोल्हापूरला गाण्याचे वावडे कधीच नव्हते. देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासूनची, आणि गायक अल्लादिया खाँसाहेब तर शाहू महाराजांच्या पदरी होते. फक्त आमचे गाणे इथे कुणाला गाणे वाटत नव्हते. खालच्या आजी जिन्यातून विचारायच्या, "काय पडलं रं वर?"

रॉकशी नाते जडलेल्या ज्या दोघांची आठवण इथे काढायची आहे, त्यांचे नाव वाद्य वाजवण्याने झाले नाही.

वात्स्लाव हावेल हे चेक नाटककार. १९६८ साली न्यूयॉर्कहून परतताना त्यांनी व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडची तबकडी प्रागला नेली. त्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा बँडही तेव्हाच उभा राहिला. पुढे कम्युनिस्ट सरकारने त्याचा परवाना काढून घेतला आणि १९७६ साली या बँडच्या वर्तुळातल्या चौघांना शांतताभंगाच्या आरोपावरून तुरुंगात धाडले. हावेल त्या खटल्याला जाऊन बसले. केस वाढवलेल्या चार पोरांचा प्रश्न म्हणून तो सोडून देणे सोपे होते, पण मनासारखे गाणे हाच गुन्हा ठरत असेल तर उद्या लेखकाचीही पाळी येणार, हे त्यांनी ओळखले. जानेवारी १९७७ मध्ये निघालेल्या 'चार्टर ७७' या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे मूळ त्या कोर्टात आहे. त्यापायी हावेल यांनी स्वतः वर्षानुवर्षे तुरुंग भोगला आणि कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर २९ डिसेंबर १९८९ रोजी ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड प्रागला आला, तेव्हा भिंतींवर लागलेल्या पोस्टरांचा आशय होता: रणगाडे निघाले, स्टोन्स आले.

अमित सैगल यांचे काम कमी गाजले, पण आमच्या माडीपर्यंत पोहोचले ते तेच. १९९३ साली अलाहाबादसारख्या गावातून त्यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचे नियतकालिक सुरू केले. आपल्याकडचे बहुतेक बँड तेव्हा परदेशी गाण्यांच्या नकला करत. स्वतःची गाणी रचणाऱ्या पोरांबद्दल कुणीतरी गांभीर्याने छापते आहे, हे आम्हाला त्या पानांवरून पहिल्यांदा कळले. आम्ही एक अंक चौघांत वाटून वाचायचो आणि तो परत कुणाकडे राहिला यावरून भांडायचो.

हावेल १८ डिसेंबर २०११ रोजी गेले. अठरा दिवसांनी, ५ जानेवारी २०१२ रोजी, सैगल गोव्याच्या समुद्रात बुडाले. ती बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही बऱ्याच वर्षांनी या माडीवर जमलो. अंकाच्या कोपऱ्यांना कसर लागली होती. टेपरेकॉर्डर सुरू झाला, फीत दोनदा अडकली आणि चौघांचेही हात एकदम पेन्सिलीकडे गेले.