सॅन स्टॉर्ममध्ये पॅलिओचं १.६ इंजिन बसेल का?

बसेल.

ब्रॅकेट बनवा, भोकं पाडा, वेल्डिंग मारा, इंजिन बसतंच. रबाळ्यात आणि वागळे इस्टेटमध्ये असे कारागीर आहेत की गाडीत काय बसत नाही हेच त्यांना आधी विचारावं लागतं. खरे प्रश्न पुढचे आहेत. इंजिन बसल्यावर बाकीची गाडी त्याला पुरते का? आणि ती रस्त्यावर काढता येते का? आजचा व्हिडिओ या दोन प्रश्नांवर.

(गाडीकडे वळून)

ही बघा, सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमारास आलेली, गोव्यात बनलेली दोन सीटची गाडी. फायबरची बॉडी, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, आणि या नाकात रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. मालक ऐरोलीचे आहेत. नाव घेऊ नका म्हणाले, कारण गाडी घेतलीय हे घरी अजून सांगितलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की दिसायला ही स्पोर्ट्‌स कार आणि सिग्नल सुटला की शेजारची सँट्रो बरोबरीने निघते. त्यामुळे कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे त्यांनी फियाट पॅलिओचं १.६ इंजिन बघून ठेवलंय. १५९६ सीसी, १०० हॉर्सपॉवर. कागदावर ६० चे १०० झाले. मोह होणारच.

आधी एक घोळ निस्तरू. मोठं इंजिन म्हणजे जास्त ताकद, हे समीकरण अर्धंच खरं आहे. जुन्या काँटेसातलं इसुझुचं १.८ लिटर इंजिन आठवा, नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर. आणि होंडा एस २००० चं २ लिटर इंजिन, टर्बो नाही काही नाही, २४० च्या आसपास. आकारात फरक किती, ताकदीत किती! तर होतं काय, टॉर्क म्हणजे स्पॅनरवर तुम्ही लावलेला जोर, आणि हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर लावून मिनिटाला किती फेरे मारले त्याचा हिशोब. १०० न्यूटन मीटर टॉर्क ३००० आरपीएमला असेल तर साधारण ४२ हॉर्सपॉवर. तोच टॉर्क ६००० आरपीएमपर्यंत टिकवला तर ८४. इंजिन मोठं केलं की टॉर्क खालपासून वाढतो. छोटं इंजिन वर फिरवून ताकद काढता येते, पण मग ते सतत वर ठेवावं लागतं. माजिवड्याच्या जाममध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ७००० आरपीएम कोण ठेवणार? त्यामुळे ठाण्यात चालवायच्या गाडीसाठी मालकांची निवड तशी शहाणी आहे. तेवढं श्रेय त्यांना देतो.

आता बोनेट उघडू.

(बोनेट उघडून)

जागा बघा. इंजिन आडवं, त्याला चिकटून गिअरबॉक्स, दोन्ही बाजूंना दोन ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारे दांडे. पॅलिओचं इंजिन रेनॉच्या गिअरबॉक्सला लागत नाही, बेल हाउसिंगची, म्हणजे दोघं जिथे जोडले जातात त्या आवरणाची, भोकंच जुळत नाहीत. म्हणजे दोन वाटा. एक, मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवून रेनॉचाच गिअरबॉक्स ठेवायचा. प्लेट लेथवर बनते, पण क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य तंतोतंत एका रेषेत यावा लागतो. किंचित चुकलं तरी क्लच प्लेट आणि बेअरिंग खात राहते आणि कारण सापडत नाही. शिवाय तो गिअरबॉक्स ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या हिशोबाने केलेला.

दुसरी वाट, फियाटचाच गिअरबॉक्स घ्यायचा. मी असतो तर हीच घेतली असती. पण मग ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक फियाटचं आणि चाकाकडचं टोक रेनॉचं. असा शाफ्ट दुकानात मिळत नाही. इथे बरेच जण दोन शाफ्ट कापून मधे वेल्डिंग मारतात. हे करू नका, मी पुन्हा सांगतो, करू नका. ड्राइव्ह शाफ्ट हीट ट्रीटमेंट केलेल्या स्टीलचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या बाजूची धातूची ताकद बिघडते, आणि तो तुटतो तेव्हा गॅरेजमध्ये तुटत नाही. पूर्ण जोर लागलेला असताना तुटतो, म्हणजे गायमुखच्या चढावर, मागे कंटेनर असताना. योग्य स्टीलचा अखंड शाफ्ट, स्प्लाइन, म्हणजे टोकाचे दाते, कापून, हीट ट्रीटमेंट करून घ्यायचा. डावा-उजवा लांबीत फार वेगळे झाले की जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, तेही आत्ताच बघायचं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. भंगारातून नुसतं इंजिन उचलू नका. त्याच गाडीचा ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पूर्ण हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा, सेन्सर आणि किल्ली, सगळं घ्या. हो, किल्ली. पॅलिओच्या किल्लीत चिप असते, ती ओळखली नाही तर ईसीयू इंजिन चालू ठेवत नाही.

मग रेडिएटर. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, बाकी सगळी उष्णता. सायलेन्सरमधून आणि पाण्यातून बाहेर. जास्त ताकद काढायची म्हणजे जास्त उष्णता बाहेर टाकायची, आणि या गाडीचं नाक केवढंसं आहे बघा. घोडबंदर रोडवर मे महिन्यात दुपारी तासभर उभं राहायचं, वारा शून्य, सगळी भिस्त पंख्यावर. टेस्ट ड्राइव्ह पहाटे पाम बीचवर घेऊन रेडिएटर पास करणारे लोक मला माहीत आहेत. दुपारी या म्हणावं.

आणि ब्रेक. हा हिशोब मला आवडतो, म्हणून फळ्यावर करतो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणून ६० चे १०० हॉर्सपॉवर, म्हणजे जवळपास ६७ टक्के वाढ करूनही टॉप स्पीड वाढतो जेमतेम १८-१९ टक्के. पण त्या वाढलेल्या वेगाला थांबवताना ब्रेकला रिचवावी लागणारी ऊर्जा वाढते ४० टक्के. तुम्हाला मिळालं १९, ब्रेकच्या डोक्यावर आलं ४०. मागे नाही तर निदान पुढे मोठ्या डिस्क आणि त्यांना पकडणारे कॅलिपर लागणार. मोठ्या डिस्कवर जुनी रिम बसत नाही. रिम बदलली की टायर बदलले. बघा खर्च कुठून कुठे निघाला, आणि इंजिनची किंमत आपण अजून मोजलेलीच नाही.

हे फक्त आपल्या गॅरेजचं दुखणं नाही. अमेरिकन रेसर कॅरल शेल्बीने १९६२ मध्ये एसी एस या छोट्या इंग्रज गाडीत दोन लिटरच्या ब्रिस्टल इंजिनाच्या जागी फोर्डचं सव्वाचार लिटरचं व्ही ८ घातलं. तीच कोब्रा. मागचा डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, तेव्हाच बदलून मजबूत घ्यावा लागला. पुढे पावणेपाच लिटर झालं. १९६५ मध्ये सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा चॅसिसच नवी करावी लागली. मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या त्या चार इंचांच्या झाल्या, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या.

आणखी गमतीची गोष्ट सनबीम टायगरची, १९६४ ची. तिच्यातही तेच फोर्डचं व्ही ८. जागा इतकी कमी की कारखान्यात रंगवलेल्या बॉडीची, इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत घण घालून आत दाबत. एका स्पार्क प्लगला हातच पोचत नसे, म्हणून केबिनच्या आतून झाकण काढून तो बदलायची सोय ठेवली होती. पुढे कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली, क्रायस्लरचं स्वतःचं व्ही ८ त्या जागेत मावेना, आणि १९६७ मध्ये गाडीच बंद झाली. कारखाना हाताशी असताना ही कथा.

आता आरटीओ. इथे व्हिडिओ पुढे ढकलू नका.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरची माहिती कंपनीने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. खराब इंजिनाच्या जागी त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घालून, आरटीओला कळवून आरसीवर नोंद करता येते. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा इलेक्ट्रिक किट यांना वाट आहे. रेनॉ काढून फियाटचं मोठं इंजिन, याला वाट नाही.

‘कोण बघतंय?’ हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. ही गाडी एमएच ०४, म्हणजे ठाणे आरटीओची आहे, १५ वर्षं कधीच उलटली. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि गाडी समोर उभी करून तपासणी. तिथे इन्स्पेक्टर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. म्हणजे बघणारा माणूस ठरलेला आहे, तारीखही ठरलेली आहे. अपघात झाला तर विम्याच्या सर्व्हेयरलाही तोच नंबर दिसतो, आणि क्लेम अडवायला त्याला आणखी काही शोधावं लागत नाही.

फक्त ट्रॅकवरची गाडी करायची असेल तर गोष्ट वेगळी. नंबर प्लेटचा विषय संपला, फ्लॅटबेडवर चढवा आणि चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर न्या. मालकांना मी हे सुचवलं. ते म्हणाले, मला रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी चहा प्यायला जायचंय हो, कोइमतूरला नाही.

तर मग त्यांच्यासाठी माझं मत. कुर्ल्याला अजून टोकन देऊ नका. वीस-पंचवीस वर्षं जुन्या इंजिनातून आज ६० हॉर्सपॉवर येतात का, हेच आपल्याला माहीत नाही. कदाचित ४५ च येत असतील आणि तुम्ही त्यालाच गाडीचा स्वभाव समजताय.

(कॉम्प्रेशन गेज दाखवत)

इंजिन गरम करा. चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी काढून ठेवा. गेज लावून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. चार आकडे लिहून घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, म्हणजे इंजिन खोलून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायचं. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट, म्हणजे फक्त हेड उतरवून काम भागू शकतं. चारही आकडे चांगले आले तर फ्युएल प्रेशर, बुजलेले इंजेक्टर, सायलेन्सरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का, या क्रमाने बघायचं.

मालक शनिवारी गाडी परत आणतायत. प्लग आपण कॅमेऱ्यासमोरच काढू.