न भाजलेली फरशी

(दृश्य : दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीचा जिना. मजल्यावर लाल, पिवळी, काळी नक्षीची फरशी.)

ही फरशी कधी भट्टीत गेलेली नाही. कौलं भाजतात, विटा भाजतात, बाथरूमच्या चकचकीत टाइल्सही भाजतात. ही निव्वळ सिमेंटची : साच्यात दाबली आणि पाणी पाजलं की झाली. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्दळीत नक्षी शाबूत राहते, कारण रंग वरून फासलेला नसतो. तीन-चार मिलिमीटर खोलपर्यंत तोच असतो.

युरोपात ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निघाली. मुंबईत तेव्हा फरश्या बोटीने यायच्या. व्हिक्टोरियन इमारतींत इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या, भाजलेल्या मातीच्या फरश्या दिसतात. मग १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्याचं सिमेंट निघू लागलं आणि इथेच फरशी पाडता येईल, हा विचार शक्यतेच्या टप्प्यात आला.

(दृश्य : उरणचा किनारा.)

१९२२. फिरोजशा सिधवा आणि त्यांचे काका रुस्तम सिधवा यांनी उरणला कारखाना घातला. नाव ‘भारत फ्लोअरिंग्ज’. दिवस स्वदेशीचे होते. पुढे कराचीचे पहिले महापौर झालेले जमशेद मेहता यांचा आग्रह असा, की नुसत्या राजकीय स्वातंत्र्याने भागणार नाही, आर्थिकही हवं. विलायती फरशीच्या तोडीस तोड माल इथे करून दाखवणं, हे सिधवांचं त्यावरचं उत्तर.

वेळही साधली गेली. १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूला आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या नव्या शैलीच्या, इमारती उभ्या राहू लागल्या. फ्लॅट म्हटला की दिवाणखाना, स्वयंपाकघर, गॅलरी. प्रत्येक खोलीला वेगळी नक्षी लागायची.

(दृश्य : साचा, पितळी जाळी, रंगाच्या पळ्या.)

आता फरशी पाडायची कशी ते पाहा. लोखंडी चौकट, तळाला गुळगुळीत पत्रा. त्यावर नक्षीच्या रेषांप्रमाणे कप्पे पाडलेली पितळी जाळी बसते. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी, खनिज रंग आणि पाणी घोटून केलेला पातळ रंग पळीने एकेका कप्प्यात ओततात. खनिज रंग जास्त झाला तर सिमेंटची ताकद कमी होते, म्हणून तो सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवतात. लाल, पिवळा, काळा म्हणजे लोहाचे ऑक्साइड, हिरवा क्रोमियमचा. निळा सगळ्यांत छळतो. सिमेंटमधल्या अल्कलीपुढे स्वस्त निळे टिकत नाहीत, वर्षभरात फिके पडतात.

जाळी उचलणं हीच खरी कारागिरी. सरळ वर, एका दमात. हात थरथरला की लाल पिवळ्यात शिरला. रंग पातळ असेल तर कडा एकमेकींत पसरतात. घट्ट असेल तर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात.

मग वरून सिमेंट-वाळूची कोरडी भुकटी चाळतात. ती रंगातलं जादा पाणी ओढून घेते. ही भुकटी कुठे कमी, कुठे जास्त पडली तर काही वर्षांनी वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्यावर ओलसर सिमेंट-वाळूचा जाड थर, आणि सगळं हायड्रॉलिक प्रेसखाली. बाहेर येते ती आठ बाय आठ इंचाची, साधारण वीस मिलिमीटर जाडीची फरशी. पहिला दिवस तिला हलवायचं नाही. नंतर कित्येक दिवस पाणी. इथे घाई केली तर पृष्ठभाग भुसभुशीत राहतो आणि पुसताना फडक्याला रंग लागतो.

(दृश्य : मोझॅकची जमीन, पॉलिश मशीन.)

स्वातंत्र्यानंतर मोझॅकचा जमाना आला. संगमरवरी चिप्स, जागेवर घासून पॉलिश, डाग न दिसणारी जमीन. म्हाडाचे, सिडकोचे फ्लॅट आठवा. पुढे गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सनी मोझॅकलाही हटवलं. या धंद्यात मागणी गेली की आधी जाळ्या भंगारात जातात, आणि जाळी गेली की नक्षी गेली.

१९९९ साली फिरोजशांच्या कन्या दिलनवाज वरियावा यांनी जुन्या नक्ष्या पुन्हा करायला घेतल्या. आता नातू फिरदौस वरियावाही धंद्यात आहेत. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला अशा फरशीची गरज पडते : शंभरातल्या दहा फुटलेल्या असतात आणि नवी नक्षी त्यात ठिगळासारखी दिसते. शेजारची फरशी झिजून मऊ झालेली असल्यामुळे रंगही किंचित उतरता लागतो. हे नमुना हातात घेतल्याशिवाय जमत नाही. फोटोवरून रंग जुळवायला जाऊ नये.

(दृश्य : गवंडी फरशी बसवताना.)

बसवताना होणाऱ्या चुका मात्र जुन्याच आहेत. शंभर चौरस फुटांना सव्वादोनशे फरश्या लागतात, आणि फक्त त्यांचंच वजन चारशे किलोच्या घरात जातं. लाकडी तुळयांच्या इमारतीत आधी इंजिनिअरला विचारा. फरशी आधी भिजवायची, नाहीतर ती खालच्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषून घेते आणि पोकळ बसते. टकटक केलं की आवाजावरून कळतं. ठोकायला रबरी किंवा लाकडी हातोडा. सांधा जेमतेम दीड मिलिमीटर, आणि भरायला रंगाला जुळणारं सिमेंट. सांधे भरायचं काळं ग्राउट फिक्या फरशीच्या छिद्रांत शिरलं की निघत नाही. आणि ही फरशी मोझॅकसारखी खसाखस घासायला दिली, तर पॉलिशवाला नक्षीच घासून टाकेल.

खालून ओल असेल तर पांढरे क्षार फुटतात. साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसलं तर हळूहळू कमी होतात, पण ओलीचा बंदोबस्त आधी. संडासासाठी आणलेलं ॲसिड या जमिनीवर ओतू नका. ते सिमेंट खातं. लिंबू आणि कोकमाचा डागही मिनिटभरात पुसलेला बरा.

काम संपल्यावर उरलेल्या पंधरा-वीस फरश्या माळ्यावर उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या नकोत. त्याच घाण्यातला रंग पुन्हा मिळेलच असं नाही.