खपलीखालचा निळा

मंडळी, फोर्डची मॉडेल टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळीच गाडी उभी राहते. ‘हवा तो रंग घ्या, फक्त तो काळा असू द्या’ हे हेन्री फोर्डच्या नावावरचं वाक्य तर सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्षात ही गाडी आली 1908 साली, आणि सरसकट काळी झाली ती 1914 ते 1925 या काळात. त्याआधी तांबड्या, राखाडी, हिरव्या गाड्या निघाल्या. 1912 च्या सुमारास गडद निळी बॉडी आणि काळे मडगार्ड असा थाट होता.

हा निळा नेमका कसा होता? कृष्णधवल फोटोत तो काळ्यात मिसळून जातो. जुन्या कागदांत रंगाचं नाव सापडतं, छटा सापडत नाही. पुन्हा रंगवलेल्या गाडीवर तर मी अजिबात भरवसा ठेवत नाही; ती बहुधा दुसऱ्या रंगवलेल्या गाडीकडे बघून रंगवलेली असते. म्हणून कुणी हात न लावलेली, गंजलेली, पोपडे उडालेली गाडी माझ्या लेखी सर्वांत मोलाची.

अशा गाडीचा उघडा पत्रा आधी बघू नका. ऊन, पाऊस आणि घासपूस यांनी तो केव्हाच बदललेला असतो. दिव्याच्या ब्रॅकेटखाली, बिजागरीच्या मागे, गादीचं चामडं जिथे खिळ्यांनी ठोकलंय त्याच्या आत बघा. तिथून टाचणीच्या टोकाएवढी खपली घ्यायची, पारदर्शक रेझिनमध्ये बसवायची, कड घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. प्रायमर, रंगाचे हात, वरचं व्हार्निश, सगळे थर एकावर एक दिसतात. अतिनील प्रकाशात नैसर्गिक राळेचं व्हार्निश चमकतं, त्यामुळे ते चटकन वेगळं ओळखू येतं. मला सगळ्यांत आवडते ती मळाची रेघ. कारखान्यात एका हातावर लगेच दुसरा हात चढतो, मध्ये धूळ साचायला वेळच मिळत नाही. दोन थरांमध्ये काळपट रेघ दिसली, तर वरचा रंग बहुधा पुढे कुणीतरी दिलेला आहे असं समजा.

पण झाकलेली जागासुद्धा फसवते. तेलाचा रंग आणि व्हार्निश अंधारात पिवळे पडतात, आणि निळ्यावर पिवळी झाक चढली की तो हिरवट वाटू लागतो. शिवाय सीटखालच्या पत्र्याला कारखान्यात पुरते हात मिळाले असतील असंही नाही. म्हणून एका खपलीवरून निकाल देऊ नये. व्हार्निशखालचा थर उघडा करून स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंगाची छटा आकड्यांत सांगणाऱ्या यंत्राने, मोजावा आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या अस्पर्श गाडीशी ताडून बघावा. मॉडेल टीच्या इंजिन क्रमांकावरून तिचा काळ कळतो, त्यामुळे जोडी जुळवणं शक्य असतं.

तुमच्यापैकी कुणाकडे अशी जुनी गाडी असेल, मग ती कुठल्याही कंपनीची असो, तर हात जोडून विनंती आहे: पत्र्याला पॉलिशपेपर लावण्याआधी फोटो काढा, दोन-चार खपल्या जागेचं नाव लिहून जपून ठेवा, आणि रंगवायचीच असेल तर आतला एखादा तुकडा तसाच सोडा. उद्या आजच्यापेक्षा चांगलं यंत्र घेऊन कुणी आला, तर त्याला मोजायला मूळ रंग शिल्लक हवा.