रन : पायांचं आणि पाण्याचं क्रियापद

(दृश्य : शब्दकोशासाठी हाताने लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे)

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर एकाच शब्दावर नऊ महिन्यांहून अधिक काळ बसून होते. शब्द अगदी छोटा, रन. काम हातावेगळं झालं तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले होते. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. रनने तिला मागे टाकलं.

धावण्याच्या एका क्रियेतून इतके अर्थ कसे निघाले?

(दृश्य : खडकांतून वाहणारा ओढा)

मुळात हा शब्द एकट्या पायांचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं 'रिन्नन'. घोडा धावला तरी रिन्नन, पाणी वाहिलं तरी रिन्नन. बोलण्याच्या ओघात अक्षरं जागा बदलत आणि 'इर्नन' होई. आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं तसं. पुढे इंग्लंडात येऊन राहिलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या भाषेतलं सख्खं भावंड त्याला मिळालं आणि 'र' पुन्हा पुढे आला. जर्मन भाषेतला 'रिनेन' आजही पाझरण्या-वाहण्यासाठीच वापरतात.

वाहण्याचा हा धागा पकडला की पुष्कळ काही उलगडतं. नळ, नाक, धुताना कपड्याचा जाणारा रंग, सगळं इंग्रजीत रन होतं. रस्ता दरीतून रन होतो, नाटक दोन वर्षं रन होतं. इथे पळत कुणीच नाही, पण काहीतरी न खंडता पुढे जात राहतं. मला या शब्दाचा जीव इथे दिसतो, शर्यतीच्या मैदानात नाही.

(दृश्य : वाफेचं इंजिन, फिरणारे पट्टे)

मग यंत्रयुग आलं. इंजिनं, कारखाने, आगगाड्या, सगळ्यांना हेच क्रियापद लागलं; आणि यंत्र चालवणारा, कारखाना सांभाळणारा माणूसही 'रन' करू लागला. पुढे संगणकावरचे प्रोग्रॅमही त्याच वाटेने आले.

मराठीत हा भार अनेक क्रियापदं वाटून घेतात. आपलं नाक वाहतं, घड्याळ चालतं, रेल्वे मात्र धावते. क्रिकेटमध्ये तर आपण 'धावा' हा नेमका शब्द रुजवला.

निवडणुकीत मात्र इंग्रजीतच दोन तट आहेत. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो. ब्रिटनमधला 'स्टँड', म्हणजे आपल्यासारखा निवडणुकीला उभा राहतो.